एकाच सर्व्हरवर अनेकांची कामे : लिनक्समधील ‘नियंत्रण गट’ आणि त्यांची साधने

लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे उद्घाटन १९५१ साली नवाबांच्या छत्तर मंजिल या राजवाड्यात झाले. त्या काळी औषधाचा शोध परीक्षानळीपासून सुरू होई. आज तो पुष्कळदा संगणकापासून सुरू होतो. हजारो रेणूंपैकी एखाद्या प्रथिनाशी कोणता जुळेल, याचे गणित आधी सर्व्हरवर मांडले जाते. अशी गणिते अनेक दिवस चालतात, आणि सर्व्हर बहुधा सामायिक असतो.

समजा, शहरातील एखाद्या प्रयोगशाळेत बारा संशोधक मिळून एक सर्व्हर वापरत आहेत. त्यांपैकी एकाच्या प्रोग्राममध्ये चूक राहिली आणि रात्री तो स्मृती, म्हणजेच मेमरी, गिळत सुटला. मेमरी संपली की लिनक्सचा गाभा, अर्थात कर्नेल, एखादा चालू प्रोग्राम बंद पाडून जागा मोकळी करतो. बळी निवडताना तो मुख्यत्वे कोण किती मेमरी व्यापून आहे हे पाहतो. त्यामुळे दोषी प्रोग्राम बचावण्याची आणि दुसऱ्या कोणाचे नऊ दिवस चाललेले मोठे, पण निर्दोष गणित मारले जाण्याची शक्यता राहते. चोर सोडून संन्याशाला फाशी, असाच हा प्रकार.

हा प्रश्न सोडविण्यासाठी ‘कंट्रोल ग्रुप’ किंवा संक्षेपाने ‘सीग्रुप’ ही व्यवस्था निर्माण झाली. गुगलमधील पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये तिचे काम सुरू केले आणि जानेवारी २००८ मध्ये आलेल्या २.६.२४ या कर्नेलमध्ये ती समाविष्ट झाली. तिच्या घडणीत भारतातील अभियंत्यांचा वाटा मोठा आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. गटांमध्ये प्रोसेसरचा वेळ वाटणारा भाग आयबीएमच्या श्रीवत्स वड्डगिरी यांनी उभा केला. मेमरीचे नियंत्रण करणारा भाग त्याच कंपनीच्या भारतातील केंद्रातले बलबीर सिंग यांच्या पुढाकाराने तयार झाला.

कल्पना साधी आहे. संगणकावर चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला ‘प्रोसेस’ म्हणतात. एका माणसाच्या किंवा एका सेवेच्या सर्व प्रोसेस एका गटात ठेवायच्या आणि हिशेब व मर्यादा त्या गटाला लावायच्या. पूर्वी प्रोसेसरचा वेळ प्रोसेसनिहाय वाटला जाई. एकाने पन्नास प्रोसेस सुरू केल्या आणि दुसऱ्याने एकच, तर पहिल्याला एक्कावन्नपैकी पन्नास वाटे मिळत. गट केल्यावर दोघांना निम्मा-निम्मा वेळ मिळतो. घर पाहून वाटा द्यायचा, घरातली माणसे मोजून नव्हे.

आता साधनांविषयी. ‘टॉप’ ही जुनी आज्ञा एकेक प्रोसेस दाखवते. शंभर प्रोसेसमध्ये विखुरलेले काम तिच्यातून उमगत नाही. ‘सिस्टिमडी-सीजीएलएस’ ही आज्ञा गटांचा वंशवृक्ष मांडते आणि कोणती प्रोसेस कोणाच्या गटात आहे, हे त्यातून कळते. ‘सिस्टिमडी-सीजीटॉप’ प्रत्येक गट किती प्रोसेसर आणि मेमरी वापरत आहे, हे सतत दाखवत राहते. ‘सिस्टिमडी’ असलेल्या यंत्रणेत प्रवेश करणाऱ्या प्रत्येक वापरकर्त्याचा गट आपोआप तयार होतो, त्यामुळे व्यवस्थापकाला पायाभरणी करावी लागत नाही.

मर्यादा घालण्यासाठी ‘सिस्टिमसीटीएल सेट-प्रॉपर्टी’ ही आज्ञा आहे. मेमरीवर दोन प्रकारे लगाम घालता येतो. ‘मेमरी हाय’ ही पातळी ओलांडताच त्या गटाचा वेग मंदावतो आणि त्याच्याकडील मेमरी परत घेतली जाऊ लागते, परंतु काम थांबत नाही. ‘मेमरी मॅक्स’ ही अखेरची भिंत होय. तेथे जागा परत मिळाली नाही, तर प्रोसेस मारली जाते, पण ती त्याच गटातली. वरच्या उदाहरणातले नऊ दिवसांचे गणित वाचते ते या शेवटच्या तीन शब्दांमुळे. संशोधनाच्या सर्व्हरवर आधी सौम्य मर्यादा लावावी आणि कठोर मर्यादा तिच्या बरीच वर ठेवावी, हे शहाणपणाचे. प्रोसेसरच्या बाबतीत कमाल वापर बांधून घालण्यापेक्षा ‘वजन’ देणे अधिक न्याय्य ठरते. मूळ वजन १०० असते, आणि इतर कोणी काम करीत नसेल तर कमी वजनाच्या गटालाही संपूर्ण प्रोसेसर मिळतो. रात्री मोकळे असलेले यंत्र विनाकारण अडवून ठेवण्यात काय अर्थ?

एकाच कामापुरती मर्यादा हवी असल्यास ते ‘सिस्टिमडी-रन’ या आज्ञेने सुरू करावे. महासंगणकांवर हेच काम रांग सांभाळणारी प्रणाली करते. पुण्याच्या ‘सी-डॅक’ने आयआयटी कानपूरसाठी उभारलेल्या ‘परम संगणक’वर ‘स्लर्म’ ही प्रणाली आहे. मागितलेल्या वाट्याबाहेर काम जाऊ नये म्हणून सीग्रुपचा आधार घेण्याची सोय तिच्यात आहे.

आकडे वाचताना मात्र एक फसगत होते. गटाच्या मेमरीच्या आकड्यात वाचलेल्या फाइलींची साठवणही धरलेली असते आणि गरज पडताच कर्नेल ती सोडून देऊ शकतो. म्हणून गट भरलेला दिसला तरी तो अडचणीत असेलच असे नाही. खरी अडचण ‘प्रेशर’च्या नोंदीत दिसते. डिसेंबर २०१८ मधील ४.२० या कर्नेलपासून ही सोय आली. मेमरी, प्रोसेसर किंवा डिस्कसाठी कामे किती टक्के वेळ खोळंबली, याची दहा सेकंद, एक मिनिट आणि पाच मिनिटांची सरासरी तेथे मिळते. मर्यादा ठरविण्यापूर्वी काही दिवस ही नोंद पाहणे उपयुक्त ठरते.

जुन्या सर्व्हरवर आणखी एक खबरदारी हवी. सीग्रुपची दुसरी आवृत्ती मार्च २०१६ मध्ये ४.५ या कर्नेलबरोबर अधिकृत झाली, आणि दोन्ही आवृत्त्यांतील फाइलींची नावे व रचना वेगळी आहे. ‘सेट-प्रॉपर्टी’ने केलेला बदल यंत्र पुन्हा सुरू केल्यावरही टिकतो. केवळ चाचणी घ्यायची असेल, तर ‘रनटाइम’ हा पर्याय जोडावा, म्हणजे यंत्र पुन्हा सुरू होताच ती मर्यादा आपोआप उठते.