दक्षिणेचे दार

बीजिंगच्या जुन्या गल्ल्यांना हुतोंग म्हणतात. या गल्ल्यांत चौकाभोवती चार बाजूंनी खोल्या असलेली जुनी घरे अजून उभी आहेत. अशा घराला 'सिहेयुआन' हे नाव आहे. उत्तरेला मुख्य दालन, त्याचे तोंड दक्षिणेला. तिथे घरातली वडीलधारी माणसे राहत. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या खोल्या मुला-सुनांच्या. दक्षिणेच्या रांगेत नोकरचाकर आणि पाहुणे. डावी-उजवी बाजू इतकी तोलून बांधलेली, पण मुख्य दार मात्र मध्यावर नाही. ते आग्नेयेच्या कोपऱ्यात काढलेले असते. दारातून आत पाऊल टाकले की समोर एक भिंत उभी. तिला 'यिंगबी' म्हणतात. या भिंतीपाशी वळून, एक छोटे अंगण ओलांडून, दुसऱ्या नक्षीदार दारातून गेल्यावर कुठे घराचा चौक दिसतो.

फेंग शुईचे पंडित सांगतात की आग्नेय ही वाऱ्याची दिशा, म्हणून दार तिथे. 'ची' म्हणजे प्राणशक्ती सरळ रेषेत वेगाने आत घुसली तर त्रास देते. वळून, मंदावून आली तर मानवते, म्हणून समोर भिंत. हे शास्त्र मानू नये असे ज्याला वाटते, त्यानेही जानेवारीतले बीजिंग डोळ्यांपुढे आणावे. सरासरी तापमान शून्याखाली, आणि मंगोलिया-सैबेरियाकडून येणारा कोरडा, बोचरा वारा वायव्येकडून सुटलेला. अशा गावात उत्तरेच्या भिंतीला खिडक्या ठेवायच्या नाहीत आणि दार वाऱ्याच्या वाटेपासून लांबच्या कोपऱ्यात काढायचे, हे कोणत्याही जाणत्या गवंड्याला कळते. चौकाकडे थेट नजर जाऊ नये, ही तर एकत्र कुटुंबाची साधी गरज. आपल्याकडच्या वाड्यातही देवडी ओलांडल्याखेरीज माजघर दिसत नसे.

सूर्याचा हिशेब आणखी स्पष्ट आहे. बीजिंग साधारण 40 अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 27 अंश वर येतो. दक्षिणेला तोंड असलेल्या दालनात हे तिरपे ऊन पार मागच्या भिंतीपर्यंत पोचते. जूनमध्ये तोच सूर्य 73 अंशांपर्यंत चढतो आणि छपराची पुढे आलेली वळचण त्याला बाहेरच अडवते. हिवाळ्यात ऊब, उन्हाळ्यात सावली, आणि त्यासाठी इंधन काही लागत नाही. 'पाठ उत्तरेला, तोंड दक्षिणेला' हा फेंग शुईतला सर्वांत बळकट नियम या उन्हातूनच आला, असे मला हे सगळे वाचताना आणि नकाशे पाहताना पुन्हा पुन्हा वाटले.

आता हाच नियम घेऊन मुंबईला या. अक्षांश 19. डिसेंबरमधला दुपारचा सूर्य इथे 47 अंशांच्या वर असतो आणि ऊब मिळवण्याची कुणाला गरज नसते. मे महिन्याच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो आणि त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. दक्षिणेच्या भिंतीवर त्या काळात दुपारचे ऊन पडतच नाही. आपल्याला जाच होतो तो दुपारनंतर पश्चिमेची भिंत तापते त्याचा, आणि जूनपासून नैर्ऋत्येकडून येणाऱ्या पावसाचा. बीजिंगमध्ये जे दक्षिणेचे दार भाग्याचे, तेच आपल्याकडे यमाची दिशा म्हणून अनेकांना नकोसे. दक्षिणमुखी सदनिका म्हटली की ग्राहक घासाघीस करतो. वास्तुग्रंथांत दक्षिणेच्या काही पदांवर दार चालते, हे सांगूनही त्याची भीती जात नाही. म्हणजे दिशेची दोन शास्त्रे एकाच दिशेबद्दल उलट बोलतात, आणि आपल्याकडे कित्येक घरांत दोन्ही एकाच वेळी नांदतात. दारावर गणपती, दारामागे लाल दोऱ्यात ओवलेली तीन चिनी नाणी.

फेंग शुईचा उगम मात्र जिवंत माणसांच्या घरापेक्षा थडग्यांशी अधिक जोडलेला आहे. 'फेंग' म्हणजे वारा, 'शुई' म्हणजे पाणी. या विद्येचा मूळ ग्रंथ मानला जातो तो 'झांगशू', म्हणजे दफनाचा ग्रंथ. तो गुओ पू (इ.स. 276 ते 324) याच्या नावावर आहे. पूर्वजाची हाडे ज्या जमिनीत विसावतात तिथली शक्ती वंशजांपर्यंत पोचते. ही शक्ती वाऱ्याने उधळते आणि पाण्याच्या काठाशी थोपते, म्हणून वारा अडेल आणि पाणी जवळ असेल अशी जागा निवडावी, हा त्यातला विचार. मागे उंच डोंगर, दोन्ही बाजूंना उतरत्या टेकड्या, समोर मोकळे मैदान आणि वळसा घेत जाणारा प्रवाह. मागचे काळे कासव, डावीकडचा निळा-हिरवा ड्रॅगन, उजवीकडचा पांढरा वाघ, समोरचा लाल पक्षी अशी या चार बाजूंची नावे. जिथे डोंगर नव्हता तिथे तो रचला गेला. बीजिंगच्या निषिद्ध नगरीचे बांधकाम 1406 ते 1420 या काळात झाले. तिच्या उत्तरेची जिंगशान टेकडी मुख्यतः खंदक खणून निघालेल्या मातीची आहे, आणि दक्षिणेच्या अंगणातून सुवर्णजल नावाचा प्रवाह मुद्दाम कमानदार वळण देऊन नेला आहे.

पुढे दोन परंपरा झाल्या. एक भूरूप वाचणारी, तांग काळातल्या यांग युन-सुंगच्या नावाने ओळखली जाणारी. दुसरी होकायंत्राची. या दुसऱ्या परंपरेचे साधन म्हणजे लुओपान. लाकडी चौकटीत फिरणारी गोल तबकडी, मधोमध बोटाच्या पेराएवढ्या खळग्यात थरथरणारी चुंबकसूची आणि तिच्याभोवती बारीक चिनी अक्षरांची एकात एक वर्तुळे. त्यांतल्या एका वर्तुळात 24 भाग असतात, प्रत्येक 15 अंशांचा. त्यांना 'डोंगर' म्हणतात. तबकडीवर ताणलेले दोन लाल दोरे एकमेकांना काटकोनात छेदतात. घराच्या दर्शनी भिंतीला चौकट समांतर धरायची, सूची स्थिर होईपर्यंत तबकडी फिरवायची आणि दोऱ्याखाली कोणते अक्षर आले ते वाचायचे. चुंबकसूची नेमकी दक्षिण दाखवत नाही, थोडी ढळते, ही नोंद चिनी विद्वान शेन कुओने 1088च्या सुमारास करून ठेवली आहे. इतक्या बारकाईने पाहणारे लोक होते हे. त्यांच्या विद्येचा सारा अंदाज बाजारात फेंग शुईच्या नावाने विकल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या बेडकावरून बांधणे अन्यायाचे आहे.

या निरीक्षणाचे सर्वांत सुंदर रूप मला हाँगकाँगच्या ग्रामीण भागात दिसते. न्यू टेरिटरीजमधल्या जुन्या खेड्यांच्या मागे, डोंगरउतारावर, चंद्रकोरीसारखे पसरलेले राखीव झाडीचे पट्टे आहेत. फेंग शुईची राने असेच त्यांचे नाव. अशी शंभराहून अधिक राने आजही नोंदलेली आहेत. ईशान्येकडचे लाय ची वो हे हाक्का लोकांचे तीनेकशे वर्षांचे गाव यासाठी विशेष ओळखले जाते. गावामागच्या रानातले झाड तोडायचे नाही, तोडले तर गावाचे भाग्य फुटते, ही समजूत. या समजुतीने उत्तरेचा हिवाळी वारा अडवला, वादळी पावसात डोंगराची माती धरून ठेवली, ओढा आटू दिला नाही. दुसऱ्या महायुद्धात सरपणासाठी हाँगकाँगचे डोंगर बोडके झाले, पण यातली बरीच राने तगली. त्यामुळेच तिथल्या मूळ वृक्षजाती शोधायला वनस्पतिशास्त्रज्ञ आज या रानांत जातात. कोकणातल्या आणि सह्याद्रीतल्या देवराया ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

त्याच हाँगकाँगच्या व्यापारी पेठेत ही विद्या वेगळ्या थाटात दिसते. नॉर्मन फॉस्टर यांनी आखलेली एचएसबीसी बँकेची इमारत 1985 मध्ये पुरी झाली. तळमजला मोकळा, समोर बंदरापर्यंत नजर जावी अशी जागा, आणि वर जाणारे सरकते जिने सल्लागारांच्या सांगण्यावरून तिरपे बसवलेले. शेजारी 1990 मध्ये आय. एम. पेई यांचा बँक ऑफ चायनाचा मनोरा उभा राहिला, तेव्हा त्याच्या धारदार कडा आसपासच्या इमारतींवर रोखलेल्या आहेत, अशी ओरड झाली. 2005 मध्ये उघडलेल्या डिस्नेलँडचे मुख्य प्रवेशद्वार तर आराखड्यात 12 अंशांनी फिरवले गेले. पैसा मोठा झाला की सल्लाही महाग होतो, आणि तिथे फसवणूक शिरते. नीना वाँग या अब्जाधीश उद्योजिकेच्या मृत्यूनंतर त्यांचा फेंग शुई सल्लागार टोनी चॅन याने सारी मालमत्ता आपल्या नावे केल्याचे मृत्युपत्र पुढे आणले. न्यायालयाने ते बनावट ठरवले आणि 2013 मध्ये त्याला 12 वर्षांची शिक्षा झाली.

मूळ चीनमध्ये 1966 नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत जुन्या रूढींबरोबर हीही विद्या झोडपली गेली. तिचा आजचा जागतिक अवतार घडला तो बराचसा अमेरिकेत. लिन युन (1932 ते 2010) यांनी तिथे 'ब्लॅक हॅट' पंथ रुजवला. साराह रॉसबाख यांचे 1983चे पुस्तक त्यांच्याच शिकवणीवर आधारलेले होते. या पंथाने होकायंत्र बाजूला ठेवले. घराच्या नकाशावर अष्टकोनी 'बागुआ' ठेवायचा, तोही दाराच्या बाजूने जुळवून; मग दारातून पाहता सर्वांत दूरचा डावा कोपरा धनाचा आणि उजवा दांपत्यसुखाचा. दार कोणत्याही दिशेला असो, कोपरे तेच. वापरायला सोपे, म्हणून ते जगभर पसरले. पण वारा कुठून येतो आणि ऊन कुठे पडते हे प्रश्न या सोपेपणात गळून पडले. माझ्या दृष्टीने तोट्याचा व्यवहार झाला तो इथेच.

1990च्या दशकात मलेशियाच्या लिलियन टू यांच्या पुस्तकांबरोबर ही लाट आपल्याकडे आली आणि तिच्यामागून वस्तू आल्या. लाफिंग बुद्धा हा गौतम बुद्ध नव्हे. दहाव्या शतकात चीनच्या जज्यांग प्रांतात झोळी घेऊन हिंडणारा बुदाई नावाचा भिक्षू, ज्याला पुढे मैत्रेयाचा अवतार मानले गेले. तो विकत घ्यायचा नाही, कुणी तरी भेट द्यायला हवा, ही समजूत आपल्याकडे घरोघर ऐकू येते. काचेच्या भांड्यातला 'लकी बांबू' बांबू नाही आणि चीनचाही नाही. तो ड्रॅसिना गटातला, मध्य आफ्रिकेचा. मनीप्लँट प्रशांत महासागरातल्या मोओरेआ बेटावरचा. झाडे छानच आहेत, घरात असावीत. पण धन येईल म्हणून अंधाऱ्या कोपऱ्यात कोंबलेला मनीप्लँट पिवळा पडतो, आणि त्याला उजेडात न्यायला घरचे लोक घाबरतात कारण 'कोपरा' बदलेल, हे पाहून वाईट वाटते.

मग घर लावताना यातले काय घ्यावे? पलंगाचा नियम मी नि:शंक घेईन. डोक्यामागे भरीव भिंत असावी, झोपल्या जागेवरून दार दिसावे, पण पाय थेट दाराकडे नसावेत. पाय दाराकडे असणे ही चीनमध्ये प्रेताची स्थिती समजतात. इंग्लंडचे भूगोलज्ञ जे ॲपलटन यांनी 1975 मध्ये मांडले होते की माणसाला अशी जागा आवडते जिथे पाठ सुरक्षित असते आणि समोरचे सगळे दिसते. फेंग शुईतला मागचा डोंगर आणि समोरचे मैदान शयनगृहात येते ते याच रूपाने. लिहिण्या-वाचण्याच्या टेबलालाही हेच लागू. भिंतीकडे तोंड आणि दाराकडे पाठ करून बसलेले मूल मागे चाहूल लागली की दचकते. टेबल नुसते फिरवून पाहावे.

तुळईखाली झोपू नये, हे आपल्या इमारतींत पाळणे अवघड असते, कारण खोलीच तुळईच्या मापाने आखलेली असते. तरी पलंग हातभर सरकवता येतो. शेगडी आणि मोरी समोरासमोर किंवा चिकटून नको, आग आणि पाण्याचे वैर, असे म्हणतात. उकळत्या तेलात पाण्याचे शिंतोडे पडले की काय होते ते स्वयंपाक करणाऱ्याला विचारा. ओट्यावर गॅस आणि सिंक यांत दीड-दोन हात जागा सोडली तर तिथे भाजी चिरताही येते. पलंगासमोर आरसा नको, कारण रात्री अर्धवट जागेपणी हललेली सावली घाबरवते. दारासमोर थेट दार नको, 'ची' आरपार निघून जाते, या नियमाशी मात्र मी मुंबईपुरता भांडेन. मे महिन्यात समोरासमोरच्या खिडक्या-दारांतून वारा आरपार जाणे हीच आपल्याकडे चैन आहे. बीजिंगच्या थंडीत त्याला अडवायचे, गिरगावच्या चाळीत त्याला बोलवायचे.

खिडकीबद्दल एक पुरावा ठोस आहे. रॉजर उलरिच यांनी 1984 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या 46 रुग्णांचा अभ्यास छापला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. तेव्हा घरात एकच खिडकी झाडाकडे उघडत असेल तर तिच्यासमोर कपाट उभे करू नये. आजारी किंवा म्हाताऱ्या माणसाची खाट तिथे टाकावी.

फेंग शुईचे कालगणित, म्हणजे अंक, 'उडते तारे', वीस-वीस वर्षांची युगे, या भागात मला घरासाठी काही सापडले नाही. 2024 पासून नववे युग सुरू झाले, आता अग्नितत्त्वाचे दिवस, म्हणून लाल पडदे लावा, असे सल्लागार सांगतात. आपल्या पश्चिमेच्या तापलेल्या खिडकीला लाल पडदा लावण्याआधी फिका, जाड पडदा लावून पाहावा.

दक्षिण गोलार्धात हा सारा पेच उघडा पडतो. सिडनीत दुपारचा सूर्य उत्तरेला असतो आणि बोचरी थंडी दक्षिणेकडून येते. तिथले फेंग शुईवाले दोन तटांत विभागले आहेत. एक तट म्हणतो, दिशा उलट्या धरा. दुसरा म्हणतो, सूची जे दाखवते तेच खरे. पहिला तट घराच्या अंगणात उभा राहून ऊन पाहतो, आणि मला तो गुओ पूच्या अधिक जवळचा वाटतो.

महाराष्ट्रात घर घेणाऱ्याने ते दोनदा पाहावे. एकदा मेमध्ये, दुपारी चारला, म्हणजे पश्चिमेची भिंत हाताला किती भाजते ते कळेल. एकदा जुलैच्या पावसात, म्हणजे झड कोणत्या खिडकीतून आत येते, कोणत्या भिंतीला ओल धरते आणि जिन्यातून पाणी कुठे उतरते ते दिसेल. तापणाऱ्या बाजूला कपाटे, न्हाणीघर, अडगळ; झडीच्या बाजूला सज्जा किंवा पुढे आलेले छप्पर; उरलेल्या बाजूंना झोपण्या-बसण्याच्या खोल्या. जुन्या कोकणी घरात पडवी नेमके हेच काम करीत आली आहे.