‘डी ड्राइव्ह’वर ठेवलं म्हणजे बॅकअप झाला? जुन्या कॉम्प्युटरमधला डेटा असा ठेवा सुरक्षित

लग्नाचे फोटो, मुलांची प्रमाणपत्रं, दुकानाचे हिशेब... घरातल्या आठ-दहा वर्षं जुन्या कॉम्प्युटरमध्ये काय नसतं? बॅकअप घेतला आहे का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, ‘हो, डी ड्राइव्हवर टाकलंय.’ इथेच गफलत होते.

डी ड्राइव्ह पुरेसा का नाही?
बहुतेक जुन्या घरगुती कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी हे एकाच हार्ड डिस्कचे दोन भाग असतात. विंडोज नव्याने टाकताना सी पुसला जातो आणि डी वाचतो, हे खरं. पण डिस्कच बंद पडली तर दोन्ही एकदम जातात.

धोका आता का वाढला?
विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सुरक्षा अपडेट न मिळणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये फाइल्स कुलूपबंद करणारं रॅन्समवेअर शिरण्याची शक्यता जास्त असते.

पहिला पर्याय : एक्स्टर्नल हार्ड डिस्क
जुन्या यूएसबी २.० पोर्टवर सेकंदाला साधारण ३० एमबी वेग मिळतो. म्हणजे २०० जीबी डेटाला दोन तास तरी धरा. डिस्क एफएटी३२ प्रकारात फॉरमॅट केलेली असेल, तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल कॉपी होत नाही. लग्नाचे व्हिडिओ इथेच अडकतात. त्यासाठी एनटीएफएस किंवा एक्सफॅट निवडा. काम झालं की डिस्क काढून ठेवा. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिच्यातल्या फाइल्सनाही सोडत नाही.

पेन ड्राइव्ह आणि क्लाउड
पेन ड्राइव्ह ने-आण करायला ठीक, पण वर्षानुवर्षं साठवायला त्याच्यावर विसंबू नका. गूगल खात्यात १५ जीबी जागा मोफत मिळते, मात्र त्यातच जीमेल आणि फोटोही मोजले जातात. त्यामुळे तिथे आधी महत्त्वाची कागदपत्रं ठेवा. सिंक सुरू असेल, तर इथे डिलीट केलेली फाइल तिकडूनही जाते, हे विसरू नका.

३-२-१ चा नियम
डेटाच्या ३ प्रती, २ वेगळ्या साधनांवर आणि त्यातली १ घराबाहेर. मूळ कॉम्प्युटर, एक्स्टर्नल डिस्क आणि क्लाउड, एवढ्यात हा नियम पूर्ण होतो.

हे आवर्जून करा
- जुन्या मराठी फाइल्स श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये असतील, तर त्या फॉन्टचीही प्रत घ्या. फॉन्टशिवाय नव्या कॉम्प्युटरवर मजकुराऐवजी निरर्थक अक्षरं दिसतील.
- बॅकअपमधल्या चार-पाच फाइल्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. न तपासलेल्या बॅकअपचा भरवसा नाही.
- डिस्कमधून ‘कट-कट’ आवाज येत असेल, तर कॉम्प्युटर लगेच बंद करा आणि डेटा रिकव्हरीच्या जाणकाराला दाखवा. पुन्हा पुन्हा चालू करून पाहिलं, तर उरलेला डेटाही जाऊ शकतो.

नवा कॉम्प्युटर घ्यायचा की नाही, हे सवडीने ठरवता येईल. बॅकअप मात्र या रविवारीच घ्या.