संबळ, कॅसेट आणि प्रचाराची रिक्षा

एखाद्या गावाला मनापासून काय आवडतं हे जाणून घ्यायचं असेल, तर त्या गावच्या कॅसेटवाल्याकडे जावं. सभेत लोक टाळ्या वाजवतात त्या चारचौघांच्या देखत. दुकानात स्वतःच्या खिशातले पैसे मोजून जे मागतात, ते खरं. धाराशिवच्या बसस्थानकाजवळ माझं दुकान आहे. आधी कॅसेट विकल्या, मग सीडी, मग मोबाइलची मेमरी कार्डं गाण्यांनी भरून दिली. आता चार्जर, कव्हर आणि इअरफोन विकतो. गल्ल्यावर बसून एक गोष्ट मला पक्की कळली. आमच्या जिल्ह्यात देवधर्म, करमणूक आणि राजकारण या तिघांनाही गाणं पुरवतात ती हलगी, संबळ, तुणतुणं वाजवणारी आणि रात्रभर गाणारी माणसं. त्यांच्या सुरावर सगळ्यांचं चाललं आहे. त्यांचं स्वतःचं मात्र दरवर्षी अवघड होत चाललं आहे.

मागणीचं पंचांग

बाहेरच्यांना वाटतं, छोट्या शहरात सिनेमाचीच गाणी चालतात. चालायचीच, लग्नसराईत तर फार. पण दुकानाला बारा महिने आधार होता तो आराधी गीतं, भीमगीतं आणि कव्वालीचा. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा भरते. पालखी आमराईकडे निघते आणि वाटेत भाविक चुन्याचे खडे वेचून वाहतात. या यात्रेआधी येडाईच्या गाण्यांचा माल भरून ठेवावा लागे. त्याच सुमारास १४ एप्रिल येई, त्यासाठी भीमगीतं. शहरातल्या हजरत ख्वाजा शमशोद्दीन गाझींच्या दर्ग्याचा उरूस हिजरी महिन्याप्रमाणे होतो. हिजरी वर्ष आपल्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे उरूस दरवर्षी थोडा अलीकडे सरकतो. कव्वालीचा माल काही वर्षं उन्हाळ्यात मागवला, पुढे थंडीत.

भाद्रपद वद्य अष्टमीला तुळजाभवानी मंचकी निद्रेला गेली की माझी खरी धावपळ सुरू व्हायची. घटस्थापनेला देवी पुन्हा सिंहासनावर येते. त्याआधीपासूनच गावोगावची मंडळं ज्योत न्यायला तुळजापुरात उतरतात आणि पेटती ज्योत घेऊन अनवाणी पळत आपापल्या गावी जातात. दसऱ्यानंतर देवी पुन्हा निद्रेला जाते ती कोजागरीपर्यंत. त्या पौर्णिमेला सोलापूरहून सुमारे ४५ किलोमीटर चालत लाखो लोक येतात आणि सोलापूर-तुळजापूर रस्ता वाहनांना बंद ठेवावा लागतो. त्या गर्दीत ऐकू येतात ती आराधी गाणी.

मेमरी कार्डाच्या काळात तर एकेका माणसाची आवड उघडीच पडायची. “भाऊ, आधी आराधी टाका, दोन-चार भीमगीतं टाका, राहिलेल्या जागेत हिंदी भरा.” असं सांगणारा माणूस कोणत्या जातीचा, कोणत्या पक्षाचा, हे त्याच्या कार्डावरून मला कधी ओळखता आलं नाही. उरसाची कव्वाली नेणाऱ्यांत हिंदूही असत. २०२३ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या मंजुरीने उस्मानाबादचं धाराशिव झालं. त्यावरून वाद झाले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, मे २०२४ मध्ये नामांतराविरुद्धच्या याचिका फेटाळल्या गेल्या. दुकानासमोरही कडक भाषेत बोलणारे होते. पण त्या दिवसांतही दोन्ही मतांच्या लोकांनी माझ्याकडून तीच गाणी नेली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

गाणारे कोण?

ज्यांनी आराधी मेळा ऐकलेला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आराधी म्हणजे देवीची सेवा पत्करलेले भक्त, स्त्रिया आणि पुरुष दोन्ही. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, कपाळभर कुंकू. मंगळवारी, शुक्रवारी आणि नवरात्रात जोगवा मागायचा, रात्री पोत पेटवून गाणी म्हणायची. एकीने ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी झेलायची, त्यामुळे गाणं थांबत नाही. गोंधळाची रीत वेगळी. तो गोंधळी समाजाचा वंशपरंपरेचा विधी. लग्नानंतर घरी चौक मांडून, दिवटी पेटवून, गावोगावच्या दैवतांना नाव घेऊन बोलवायचं आणि मग कथा लावायची. त्यांचं वाद्य संबळ, म्हणजे दोन तोंडांची जोडी, एक खर्जाची आणि दुसरी चढ्या आवाजाची. हलगी मातंग समाजाने जपली. शेळीच्या कातड्याची ही हलगी वाजवण्याआधी जाळावर शेकून ताणून घेतात. चांगला वादक टिचकी मारूनच सांगतो, अजून तापली नाही.

भीमगीतांचा उगमही असाच माणसांच्या मेळ्यात आहे. वामनदादा कर्डक गावोगाव पायपीट करत गायले आणि त्यांच्यामागे गायकांची पिढी उभी राहिली. आमच्या जिल्ह्याला या गाण्यांची ओढ असण्याचं आणखी एक कारण आहे. फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळे इथे महार-मांग वतनदार परिषद झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः तिथे आले होते. त्या दिवसाची आठवण तडवळ्यात घराघरात सांगितली जाते, आणि जे घरात सांगितलं जातं ते पुढे गाण्यात येतंच.

कॅसेटने या गायकांचं एक मोठं भलं केलं. वाडीवरच्या मावशीचा आवाज पुण्या-मुंबईला गेलेल्या तिच्याच गावच्या पोरांपर्यंत पोचला. ऊसतोडीला कर्नाटकात गेलेली कुटुंबं जाताना माझ्याकडून कॅसेट नेत. पण याच धंद्यात एक अन्यायही झाला. मेळ्याला एका दिवसाचे पैसे देऊन गाणी ध्वनिमुद्रित व्हायची, कॅसेटच्या कव्हरवर देवीचा फोटो आणि निर्मात्याचं नाव असायचं, आणि गाणाऱ्या बाईच्या नावाच्या जागी ‘पारंपरिक’ एवढंच. पुढे तेच ध्वनिमुद्रण सीडीवर आलं, आता यूट्यूबवर आहे. ऐकणारे लाखोंनी वाढले, गाणारीच्या हातात मात्र वर काही पडलं नाही.

कायदा मात्र तिच्या बाजूचा आहे आणि हे गावोगाव सांगायला हवं. जुन्या लोकगीताच्या शब्दांवर कुणा एकाची मालकी नसते, हे बरोबर. पण ते गाण्याची जी कृती आहे, तिच्यावर गाणाऱ्याचा हक्क असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याचा हक्क मान्य आहे आणि तो पन्नास वर्षं टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. सादरीकरणाचा व्यापारी वापर झाला तर कलाकाराला रॉयल्टी मिळाली पाहिजे, आणि सादरकर्ता म्हणून त्याचं नाव लागलं पाहिजे. मेळ्यातल्या बायांनी ध्वनिमुद्रणाआधी कागदावर काय लिहिलं आहे ते कुणाकडून तरी वाचून घ्यावं. अंगठा नंतर.

सूर देवीचा, शब्द उमेदवाराचा

निवडणूक आली की आमच्या धंद्यातली माणसं खूश असत. प्रचाराची रिक्षा, तिच्यावर दोन कर्णे, आत एक पोरगं आणि गाणं. त्या गाण्याला चाल कोणती? बहुतेक वेळा आराधी गीताची, नाहीतर पोवाड्याची. लोकांना चाल आधीच पाठ असते, नुसतं नाव आणि चिन्ह बदललं की काम होतं. बहुतेक उमेदवार प्रचाराचा नारळ भवानीच्या दारात फोडतात, मग गाणं तिच्याच सुरात असणार.

या मिश्रणाचा प्रश्न थेट निवडणूक आयोगापर्यंत गेला. एप्रिल २०२४ मध्ये उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेच्या मशाल गीतातले ‘जय भवानी’ आणि ‘हिंदू’ हे शब्द काढा, अशी नोटीस आयोगाने पाठवली. आम्ही शब्द काढणार नाही, असं ठाकरे यांनी जाहीरपणे सांगितलं. ७ मे रोजी आमच्या मतदारसंघात मतदान झालं आणि त्याच पक्षाचे ओमराजे निंबाळकर सव्वातीन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. गाण्याने निवडणूक जिंकली असं मी म्हणणार नाही. पण तुळजापूरच्या देवीचा जयजयकार भक्ती कुठवर आणि प्रचार कुठून, हा देशपातळीवरचा प्रश्न झाला आणि तो आमच्या मातीतल्या गाण्यावरून झाला, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

माझं मत विचाराल तर राजकारणाने लोकगीताची चाल घेतली याचं मला वाईट वाटत नाही. शाहिरांनीही लोकांच्या चालीतच लोकांना जागं केलं. वाईट वाटतं ते याचं, की चाल घेणारा ज्याच्याकडून घेतो त्याला बोलवत नाही. पूर्वी सभेआधी हलगीवाले यायचे, शाहीर गर्दी जमवायचा, चार घरं त्यावर चालायची. आता फाइल पेनड्राइव्हवर येते.

भिंत उभी राहिली

या सगळ्याच्या वर आता डीजेची भिंत उभी आहे. जयंती, विसर्जन, वरात, ज्योतीमागचा टेम्पो, कुणाचाही असो, बॉक्सवर बॉक्स रचलेले असतात. गाणं आराधीचंच असतं, पण त्यातली गाणारी बाई ऐकू येत नाही, नुसता बेस ऐकू येतो. माझ्या दुकानाचं शटर थरथरतं आणि बरण्या सरकतात.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतं. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते आणि ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. डेसिबलचं गणित साधं दिसतं, पण तसं नाही. दहा डेसिबल वाढले की आवाजाची तीव्रता दहापट होते, वीस वाढले की शंभरपट. ८५ डेसिबलचा आवाज कानाला आठ तासांपर्यंत झेपतो असं तज्ज्ञ मानतात, १०० डेसिबलचा फक्त पंधरा मिनिटं. मिरवणूक चार-पाच तास चालते आणि पोरं बॉक्सला कान लावून नाचतात. कानातल्या ज्या नाजूक पेशी यात मरतात त्या पुन्हा उगवत नाहीत.

डीजेच्या धंद्यातही गरीब घरची पोरं आहेत, कर्ज काढून त्यांनी सामान घेतलं आहे, हे मला माहीत आहे. आवाज कमी ठेवूनही त्यांचा धंदा चालू शकतो. पण एका रात्रीच्या भिंतीला मंडळ जेवढी वर्गणी मोजतं, तेवढ्यात हलगीचा ताफा, संबळ आणि आराधी मेळा असे तिघेही येऊन वर पैसे उरतात. गेल्या काही वर्षांत माझ्या ओळखीच्या किती तरी वादकांनी संबळ खुंटीला टांगून रोजंदारी धरली. त्यांच्या मुलांना ताल येत नाही, कारण बापाला वाजवताना त्यांनी पाहिलंच नाही.

आणि हे सगळं होत असताना बाहेरच्या जगाला या सुरांची भूक आहे. २००९ साली ‘जोगवा’ चित्रपट आला, आणि देवीच्या या परंपरेतून उभ्या राहिलेल्या त्याच्या संगीतासाठी अजय-अतुल यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आमचं शहरही बाहेरच्याला मान देण्यात मागे नाही. जानेवारी २०२० मध्ये इथे ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. वसईचा एक ख्रिस्ती धर्मगुरू संत गोरोबाकाकांच्या जिल्ह्यात मराठीच्या पालखीचा मान घेतो आणि शहर त्याला डोक्यावर घेतं, हे मी पाहिलं. हे शहर मोठ्या मनाचं आहे. त्याला फक्त आपल्याच घरातल्या कलावंताकडे वळून पाहायचं आहे.

म्हणून माझी विनंती सरळ आहे. मंडळांनी या वर्षी वर्गणीतला निम्मा तरी पैसा हलगी, संबळ आणि मेळ्यासाठी ठेवावा. ज्यांच्या घरी लग्न आहे, त्यांनी गोंधळ्याला बोलवावं आणि रात्रभर बसून ऐकावं. उमेदवारांनी चाल घेतली तर गाणाऱ्यालाही सोबत घ्यावं आणि रीतसर बिदागी द्यावी. मोबाइलवर मेळ्याचं चित्रण टाकणाऱ्या पोरांनी खाली गाणारीचं पूर्ण नाव लिहावं. वृद्ध कलावंतांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची मानधन योजना आहे, तिच्यात दरमहा ५,००० रुपये मिळतात. तुमच्या गल्लीत असा कुणी म्हातारा संबळवाला किंवा आराधीण असेल, तर त्यांचा अर्ज तुम्ही भरून द्या.