दीर्घ ऐतिहासिक कादंबरीचें वाचन

ऐतिहासिक कादंबरीचा शेवट वाचकास बहुधा आधींच ठाऊक असतो. मग शेंकडों पृष्ठांचा ग्रंथ त्यानें वाचावा कां? शिवाजी सावंत यांच्या १९७९ सालच्या ‘छावा’ कादंबरीवरून याचें उत्तर मिळतें. संभाजीमहाराज संगमेश्वरीं पकडले गेले व ११ मार्च १६८९ रोजीं त्यांचा वध झाला, हें शाळेंतील मुलेंही जाणतात. इतिहास एवढें सांगून थांबतो. बाळपण, गृहकलह, आप्तांविषयींचा विश्वास व संशय, यांस कादंबरीकार विस्तार देतो. त्यामुळें शेवट येतो तेव्हां वाचकाचा अनेक दिवसांचा सोबतीच अंतरतो. हा परिणाम दीर्घतेचा होय. पानें गाळून वाचणारा त्यास मुकतो.

दौंड-शिरूरकडील वाचकास तर कथाभूमि हाताशींच आहे. दौंड तालुक्यांतून भीमा ओलांडली कीं पेडगांवचा बहादूरगड लागतो. कैदेंतील महाराजांस औरंगजेबापुढें येथेंच नेलें. शिरूर तालुक्यांत वढु बुद्रुक येथें त्यांची समाधि आहे. कादंबरी वाचून तेथें जाणारास ते दगड मुके वाटत नाहींत.

मात्र पात्रांच्या मुखींचें भाषण हा पुरावा नव्हे. जुनें लिखाणही पारखून घ्यावें लागतें. मल्हार रामराव चिटणिसांची बखर महाराजांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनीं लिहिली गेली. म्हणून वा. सी. बेंद्रे यांचें १९६० सालचें साधार चरित्र जवळ असावें. कादंबरी मिटतांच ज्यास इतिहास उघडावासा वाटला, त्याचें वाचन सफल झालें.