फुटेज उंब्रजला, हात पुण्यात

पौषात पालला खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं. उंब्रजवरून गाड्यांची रीघ लागते, मिरवणुकीत मुठीमुठीने भंडारा उधळला जातो आणि हवाच पिवळी होते. शूटिंगवाल्याला यापरतं दृश्य नाही. पण तेच फुटेज एका संगणकावर चालू असताना नेटवरून दुसऱ्या गावातल्या पडद्यावर पाहायला गेलं, की पिवळ्या ढगाचे चौकोन पडतात, चेहरे पुसट होतात, हलगी आधी ऐकू येते आणि काठी मागून पडते. व्हिडिओ मिक्सिंग, अल्बम, थ्रीडी अशी जड कामं दूरच्या मशीनवर बसल्या जागेवरून करण्याच्या तंत्राची निम्मी अडचण त्या भंडाऱ्यात आहे.

दूरचा डेस्कटॉप आता कोणाला समजावून सांगावा लागत नाही. ‘एनीडेस्क टाका आणि नंबर सांगा’ हे वाक्य टॅली वापरणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने ऐकलेलं आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने याच ॲपच्या आडून होणाऱ्या यूपीआय फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं, तेव्हापासून पुष्कळांच्या मनात ते नाव चोराचिलटांशी जोडलं गेलं. ते असो. टॅलीतली एंट्री दुरुस्त करणं वेगळं आणि तीन कॅमेऱ्यांचं लग्न मिक्स करणं वेगळं.

फरक समजायला थोडं मागे जावं लागेल. १९८४ साली एमआयटीत एक्स विंडो तयार झाली, १९९८ साली मायक्रोसॉफ्टने एनटीची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आणली. या पिढीतली दूरची मशीन चित्राऐवजी शक्यतो सूचना पाठवायची: इथे चौकट काढ, तिच्यात हे अक्षर टाक, एवढा भाग वर सरकव. मोडेमवरही ते निभायचं. त्याच सुमाराला केंब्रिजच्या प्रयोगशाळेतून व्हीएनसी बाहेर पडलं. त्याची रीत आणखी सरळ होती. पडद्याचा जेवढा भाग बदलला, तेवढ्याचं चित्र पाठवायचं. पत्र टाइप करताना बदलतं किती, तर एक ओळ. व्हिडिओ लावला की सगळंच बदलतं, आणि त्याला ‘इथे रेघ काढ’ अशी सूचनाही नसते.

हिशेब करून पाहावा. फुल एचडी पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येकाच्या रंगाला २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रं धरली, तर सेकंदाला जवळजवळ ३ गिगाबिट होतात. शंभर एमबीपीएसच्या कनेक्शनच्या हे तीसपट. म्हणून चित्र दाबावं लागतं. एच-२६४ सारखी दाबण्याची पद्धत मागच्या चित्रातलं उचलून पुढच्यात वापरते: मंडप तोच, भिंत तीच, नवरीचा हात मात्र थोडा वर गेला. असं केलं की तेच काम १०-२० एमबीपीएसमध्ये बसतं. भंडाऱ्यात हे गणित फसतं. प्रत्येक कण आपल्या वाटेने उडतो, मागच्या चित्रातलं काहीच कामाला येत नाही. मग एकतर नेटवरचा भार वाढतो किंवा बारकावे टाकून द्यावे लागतात. ते टाकले की चौकोन दिसू लागतात.

दाबण्याची दुसरी युक्ती फ्लेक्सवाल्यांना जास्त छळते. डोळ्याला उजेडातला फरक बारीक कळतो, रंगातला तेवढा नाही, म्हणून उजेड प्रत्येक ठिपक्याचा पाठवतात आणि रंग मात्र चार ठिपक्यांना मिळून एकच. चेहऱ्यावर हे कळतही नाही. पण पिवळ्या पट्टीवर लाल अक्षरात ‘हार्दिक शुभेच्छा’ लिहून बघा. रफार आणि वेलांट्या कडेने विरघळल्यासारख्या दिसतात. नवखा डिझायनर अक्षर खराब आहे असं समजून आउटलाइन जाड करतो आणि छापून आल्यावर दादा-साहेबांच्या नावाचा ठोकळा झालेला असतो. विंडोज १० बरोबर आलेल्या रिमोट डेस्कटॉपच्या आवृत्तीत रंगही पूर्ण पाठवायची सोय झाली, पण ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. ज्यांना तिची गरज आहे, त्यांच्यातल्या किती जणांनी ती पाहिली असेल देव जाणे.

ग्राफिक्स कार्डाची कथा वेगळी. मशीनमध्ये महागडं कार्ड बसवलेलं असलं तरी रिमोट डेस्कटॉपने आत शिरलं की जुनं विंडोज ते बाजूला ठेवायचं आणि सगळं चित्र सॉफ्टवेअरनेच रंगवायचं. ओपनजीएल हा थ्रीडीचा पाया, तर तो १.१ या १९९७ च्या आवृत्तीवर येऊन थांबायचा आणि थ्रीडी सॉफ्टवेअर उघडायलाच नकार द्यायचं. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये रिमोटएफएक्सच्या नावाखाली एक कार्ड अनेकांत वाटायची सोय दिली. सुरक्षेची भोकं सापडली तेव्हा २०२० मध्ये ती बंद केली आणि पुढच्या वर्षी काढूनच टाकली. एनव्हिडियाचा मार्ग टिकला. त्यात कार्डाची मेमरी वाटून दिली जाते आणि गणित करायची पाळी आळीपाळीने येते. १६ जीबीचं टी-४ कार्ड दोन-दोन जीबीचे तुकडे करून आठ जणांना पुरवता येतं. असे तुकडे करण्याची लिनक्समधली चौकट २०१७ च्या फेब्रुवारीत ४.१० आवृत्तीबरोबर आली. तिच्या फाइलच्या डोक्यावर नीओ जिया आणि कीर्ती वानखेडे अशी दोन लेखकांची नावं आहेत. दुसऱ्या नावापाशी आपला वाचक जरा थांबेलच. पुढे २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरी अडकलेल्यांसाठी एनव्हिडियाने एक छोटं साधन फुकट दिलं आणि साध्या जीफोर्स कार्डावरही रिमोट डेस्कटॉपमधून ओपनजीएल चालू लागलं.

आता उंब्रजचं बोलू. या तंत्राबद्दल लिहिणारे बहुतेक जण असं धरून चालतात की भारी मशीन शहरात असणार आणि गावाकडचा माणूस तिच्यावर लांबून काम करणार. मायक्रोसॉफ्टचं डेटा सेंटर २०१५ मध्ये पुण्यात आलं, ॲमेझॉनचं २०१६ मध्ये मुंबईत. ग्राफिक्स कार्ड असलेलं मशीन तिथे तासाच्या भाड्याने मिळतं. मुंबईच्या व्हीएफएक्स स्टुडिओंना ही मांडणी शोभते. प्रदर्शित न झालेल्या सिनेमाचं एकही दृश्य इमारतीबाहेर जाऊ द्यायचं नसतं. चित्र आत राहतं, कलाकाराच्या घरी फक्त त्याचा पडदा दिसतो. लग्नाच्या व्हिडिओला तेवढी गुप्तता लागत नाही, निदान व्याह्यांच्या रुसव्याचा भाग कापल्यावर तरी.

लग्नाचं फुटेज मुळात तयार कुठे होतं? उंब्रज, मसूर, चाफळ, तारळ्याच्या कार्यालयांत. फोर-के कॅमेरा १०० एमबीपीएसने चालला, तर तासाला ४५ जीबी भरतात. तीन कॅमेरे सहा तास चालले की ८१० जीबी. एवढं सगळं मुंबईच्या मशीनवर चढवायचं, तर शंभर एमबीपीएसची पूर्ण अपलोड मिळूनही १८ तास लागतात. त्यापेक्षा हार्ड डिस्क एसटीने पाठवलेली बरी. पडद्याचं चित्र पाठवायला मात्र १०-२० एमबीपीएस पुरतात आणि तेवढं गावातलं फायबर कनेक्शनही वर चढवतं. म्हणजे मशीन उंब्रजच्या दुकानातच हवं. लांब बसायचं ते मिक्सिंग करणाऱ्याने. नोकरीसाठी पुण्यात खोली करून राहिलेला पोरगा रात्री जुन्या लॅपटॉपवरून गावातलं मशीन उघडेल, कट मारेल, रेंडर लावेल आणि झोपेल. पेन ड्राइव्ह सकाळी दुकानातच भरला जाईल, कारण आउटपुटही तिथेच आहे. दुकानदाराने लगीनसराईपुरतं क्लाउड भाड्याने घेण्यापेक्षा त्याच पैशात मशीनमध्ये चांगलं कार्ड आणि दुसरी डिस्क टाकावी, असं माझं स्पष्ट मत आहे. श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरचं लॉकही मग दुकानातल्या मशीनलाच राहतं. आधी तपासून मात्र घ्यावं, कारण काही लॉकवाली सॉफ्टवेअर रिमोट डेस्कटॉपमधून उघडली की रुसतात.

‘नेट फास्ट आहे, तरी मागे पडतंय’ ही तक्रार मग येणारच. अंतराला दोष देऊ नये. काचेच्या तारेतून उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, तेव्हा तीनशे किलोमीटर जाऊन-येऊन जेमतेम तीन मिलिसेकंद. तार वळसे घेत गेली तर आणखी थोडे. खरा वेळ टोकांना जातो. चित्र तयार व्हायचं, दाबायचं, घरातल्या वायफायमधून वाट काढायची, उलगडायचं. साठाच्या गतीत एकेका चित्रालाच १६-१७ मिलिसेकंद असतात. त्यात माउसचा बाण बहुतेक वेळा समोरचाच लॅपटॉप काढतो, म्हणून बाण चटकन हलतो आणि क्लिप मागून घसपटत येते. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत केबल टाकली तरी निम्मा त्रास कमी होतो. गाण्याच्या ठेक्यावर कट मारायचे असतील तर तरीही अंदाज चुकतो. तसले कट सुट्टीला गावी आल्यावर दुकानात बसून मारलेले बरे. अल्बमची पानं लावताना हा उशीर जाणवतही नाही.

राहता राहिली लाइट. रात्री रेंडर चालू असताना लाइट गेली तर बॅटरी असेपर्यंत यूपीएस दम धरतो, पुढे सगळं बंद. बायोसमध्ये वीज परत आली की आपोआप सुरू होण्याची सेटिंग असते, ती लावून ठेवली तर मशीन उठतं. राउटरही यूपीएसवर हवा, हे बहुतेकांना पहिल्यांदा लाइट गेल्यावरच सुचतं. आणि कॅमेऱ्यातलं कार्ड काढून मशीनला लावायचं काम कुठल्याच सॉफ्टवेअरला जमत नाही. तेवढ्यासाठी दुकान उघडून पोरग्याला ‘लावलंय रे, बघ आता’ असा फोन करणारा कोणीतरी उंब्रजला लागतोच.