देवमाशाच्या कानातली कवडी

तुळजापूर-माहूरच्या वाऱ्या करणाऱ्या लातूर-नांदेडच्या माणसाला कवडी काय असते, हे सांगावं लागत नाही. आराधी मंडळींच्या गळ्यात तिच्या माळाच असतात. देवमाशाच्या कानातलं एक हाड थेट तसंच दिसतं: पाठ फुगीर, कड आत वळलेली. त्याला लागून गाठीसारखं दुसरं घट्ट हाड असतं आणि ऐकण्याचा खरा अवयव, म्हणजे गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळी कॉक्लिया, त्या गाठीत असते.

देवमाशांच्याच कुळातल्या डॉल्फिनमध्ये ही जोडी कवटीत पक्की बसलेली नसते, अस्थिबंधांनी धरलेली असते. त्यामुळे जाणत्या हाताला ती सुरीनं सोडवता येते. अडचण वेळेची. कॉक्लियातल्या, आवाज टिपणाऱ्या केशपेशी मृत्यूनंतर काही तासांतच कुजू लागतात. जून 2015 मध्ये रेवदंड्याला सुमारे 42 फुटी निळा देवमासा किनाऱ्याला लागला, तर जानेवारी 2016 मध्ये जुहूच्या वाळूवर एक मेलेला देवमासा आला. एवढं धूड हलवायचं म्हणजे यंत्रं आणि माणसं लागतात. शिवाय 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण असल्यानं परवानगीशिवाय नमुना घेता येत नाही. तोवर कान हातचा जातो.

कान वेळेत मिळाला, तरी तो नुसता फॉर्मॅलिनच्या बरणीत टाकून भागत नाही, कारण एवढ्या घट्ट हाडातून औषध आत झिरपायला फार वेळ लागतो. म्हणून रिकीब हे इवलंसं हाड अलगद उचलतात, त्यामागच्या अंडाकृती खिडकीच्या आणि शेजारच्या गोल खिडकीच्या पडद्याला बारीक भोक पाडतात आणि एकीतून फॉर्मॅलिन हळूहळू आत सोडतात. आतला द्रव दुसरीतून बाहेर येतो. हात जड पडला, तर जे पाहायचं तेच उखडतं. बार्सिलोनाच्या मारिया मोरेल आणि मिशेल आंद्रे यांनी 2009 मध्ये ही कृती पायरीपायरीनं लिहून काढली.

पुढची पायरी हाड मऊ करण्याची. अंडं व्हिनेगरमध्ये ठेवलं की कवच विरघळतं आणि आतली पातळ पिशवी शाबूत राहते, तसंच हे. तीव्र आम्ल काम लवकर उरकतं, पण पेशींना इजा करू शकतं. ईडीटीए हे रसायन हाडातलं कॅल्शियम सावकाश ओढून घेतं. त्याला आठवडे, कधी महिनेही लागतात. मग मेणात बसवून पातळ काप घेतात, किंवा वेटोळं उघडं करून, सुकवून, त्यावर सोन्यासारख्या धातूचा सूक्ष्म थर चढवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात.

तिथं केशपेशींच्या रांगा दिसतात: आतली एक, बाहेरच्या तीन. एखादी केशपेशी मेली की शेजारच्या आधारपेशी सरकून ती जागा बुजवतात आणि वण राहतो. वेटोळ्याच्या बुडाशी उंच स्वर ऐकू येतात, टोकाला खर्जातले. त्यामुळे वण कुठं आहे त्यावरून कोणता स्वर गेला, हे कळतं.

आपण कान तपासायच्या खोलीत हेडफोन लावून, आवाज आला की बटण दाबतो. देवमाशाची तपासणी बहुधा मेल्यावरच होते. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढं नाचणाऱ्या पोराच्या कानातही याच चार रांगा असतात. सस्तन प्राण्यांत त्यातली गेलेली पेशी पुन्हा उगवत नाही.