वस्तीतील शाळा आणि शेजाऱ्यांचा आक्षेप : विस्तार-परवानगीच्या प्रश्नाचे स्वरूप

१. प्रश्नाची मांडणी

भारतातील बहुतेक शहरांत निवासी वस्तीतील एखाद्या बंगल्यात वा दुमजली घरात भरणारी छोटी खाजगी शाळा आढळते. तिचा प्रारंभ साधारणतः बालवर्गाने होतो. तळमजल्यावरील दोन-तीन खोल्या, पुढच्या अंगणात घसरगुंडी आणि मुलांना सोडावयास येणारे पालक, एवढाच तिचा पसारा असतो. काही वर्षे लोटली की पालक पहिली-दुसरीच्या वर्गांची मागणी करू लागतात. संस्थाचालक वरचा मजला बांधण्याचा किंवा शेजारचा भूखंड घेण्याचा विचार करतात आणि त्याच सुमारास वस्तीत कुरबुर सुरू होते. फाटकासमोर उभ्या राहणाऱ्या गाड्या, सकाळच्या प्रार्थनेचा ध्वनिक्षेपक, पाण्याचा व सांडपाण्याचा वाढता ताण आणि अरुंद गल्लीत अग्निशमन दलाचा बंब शिरेल की नाही याची धास्ती, अशा तक्रारींचे निवेदन महापालिकेत दाखल होते.

या वादात एका बाजूस शिक्षण आणि दुसऱ्या बाजूस स्वार्थ आहे, असे चित्र रंगविणे सोपे आहे. परंतु ते पुरेसे नाही. घराजवळ शाळा असावी हा बालकाचा हक्क आहे, तसेच ज्या वापरासाठी वस्ती आखली गेली तो वापर टिकावा ही रहिवाशांची रास्त अपेक्षा आहे. प्रस्तुत लेखात या दोन हक्कांची कायदेशीर चौकट, दिल्लीचा अनुभव आणि शेजाऱ्यांच्या आक्षेपांची पारख कशी करावी, या तीन मुद्द्यांचा विचार करावयाचा आहे.

२. एक विस्तार, अनेक परवानग्या

'शाळेला परवानगी मिळाली' हे विधान फसवे असते, कारण विस्तारासाठी किमान तीन स्वतंत्र प्रश्नांची उत्तरे मिळवावी लागतात. त्या भूखंडावर शाळा हा वापर चालेल काय, हा पहिला प्रश्न होय. त्याचे उत्तर विकास आराखड्यात आणि विकास नियंत्रण नियमांत असते. महाराष्ट्रात यासाठी 'महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६' आणि दिल्लीत 'दिल्ली विकास अधिनियम, १९५७' हे मूळ कायदे आहेत. इमारतीचा नकाशा नियमांत बसतो काय, हा दुसरा प्रश्न. चटई क्षेत्र, सामासिक अंतरे, उंची, जिने, वाहनतळ यांची छाननी महापालिकेचा बांधकाम विभाग करतो. वाढीव वर्गांना मान्यता मिळेल काय, हा तिसरा प्रश्न शिक्षण खात्याच्या कक्षेत येतो.

या तिसऱ्या प्रश्नास १ एप्रिल २०१० पासून निश्चित रूप आले. त्या दिवशी अमलात आलेल्या बालशिक्षण हक्क कायद्याच्या कलम १८ नुसार मान्यतेच्या प्रमाणपत्राशिवाय प्राथमिक शाळा चालविता येत नाही. उल्लंघनासाठी एक लाख रुपयांपर्यंत दंडाची आणि त्यानंतरही शाळा चालू ठेवल्यास दररोज दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायद्याच्या परिशिष्टात दर शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे सुरक्षित पाणी, अडथळाविरहित प्रवेश, कुंपण आणि क्रीडांगण यांची अट आहे. पहिली ते पाचवीच्या वर्गांत ६० मुलांपर्यंत दोन आणि १२१ ते २०० मुलांसाठी पाच शिक्षक लागतात. म्हणजे ६० मुलांची शाळा २०० वर न्यावयाची तर दोन खोल्यांच्या पाच खोल्या होतात. याखेरीज मुख्याध्यापकांची खोली आणि मैदान हवेच. निवासी भूखंडावर हे सारे बसविताना मोकळी जागा आक्रसते, आणि शेजाऱ्यांशी पहिला खटका येथेच उडतो.

ही तीन कार्यालये एकमेकांचे दाखले पाहतात. परंतु समग्र परिणामाचा विचार करण्याची जबाबदारी मात्र कोणा एकावर नसते. नकाशा तपासणारा अभियंता सकाळी आठ वाजता गल्लीत किती वाहने येतील हे विचारीत नाही. मान्यता देणारा शिक्षणाधिकारी खोल्या मोजतो, रस्त्याची रुंदी मोजत नाही. शेजाऱ्यांची तक्रार नेमकी या दोन तपासण्यांमधील रिकाम्या जागेत जन्मते.

३. शेजाऱ्यास दाद मागता येते काय?

आपल्या नगररचना कायद्यांत जनतेच्या हरकती व सूचना मागविण्याची पद्धत आहे. पण ती मुख्यतः आराखडा तयार होताना वा त्यात फेरबदल होताना लागू पडते. आराखड्याशी सुसंगत अशा एका इमारतीच्या परवानगीच्या वेळी शेजाऱ्यांना नोटीस देऊन त्यांचे म्हणणे ऐकावे, असे बंधन सामान्यतः नसते. परिणामी बहुसंख्य रहिवाशांना प्रस्ताव कळतो तो वाळूचा ट्रक दारात आल्यावर.

याचा अर्थ त्यांना काहीच अधिकार नाही असा नव्हे. के. रामदास शेणॉय विरुद्ध उडुपी नगरपालिका या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये दिलेला निर्णय येथे पायाभूत मानला जातो. मंगल कार्यालय व व्याख्यानगृह यांसाठी मंजूर झालेल्या इमारतीत चित्रपटगृह करण्यास नगरपालिकेने अनुमती दिली होती. निवासी भागातील बेकायदा वापरामुळे तेथील रहिवाशाच्या मालमत्तेच्या उपभोगास बाधा येते, म्हणून त्यास न्यायालयात येण्याचा अधिकार आहे, असे न्यायालयाने म्हटले. नगररचनेची योजना रहिवाशांच्या हितासाठी असते. तिच्याविरुद्ध दिलेली परवानगी ही अधिकाराची मर्यादा ओलांडणे ठरते आणि कोणाच्या मूकसंमतीने ती वैध होत नाही, हे सूत्र तेथे प्रस्थापित झाले.

परंतु चित्रपटगृह आणि शाळा यांत फरक आहे, असा युक्तिवाद कोणी करील. बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध बी. एस. मुद्दप्पा या १९९१ च्या निर्णयात त्याचे उत्तर सापडते. बंगळुरूच्या राजमहाल विलास विस्तारात उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयासाठी देण्यात आली होती. रुग्णालयाची उपयुक्तता कोणी नाकारली नव्हती. तरीही उद्यानाची जागा अशा रीतीने वळविता येत नाही, असे ठरवून न्यायालयाने रहिवाशांची बाजू मान्य केली. हेतू लोकोपयोगी असला तरी तो कायद्याने आखलेल्या मार्गानेच साधला पाहिजे, हा त्यातील बोध शाळांनाही लागू पडतो.

४. दिल्लीचा अनुभव

हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने दिल्लीत अनुभवास आला. एम. सी. मेहता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २००६ रोजी निवासी जागांच्या गैरवापराविरुद्ध कठोर आदेश दिले आणि त्यानंतर जागा मोहोरबंद करण्याची मोठी मोहीम सुरू झाली. रोख मुख्यतः दुकानांवर व कार्यालयांवर असला तरी निवासी भूखंडावर चालणाऱ्या सर्वच उपक्रमांचे भवितव्य त्यामुळे अनिश्चित बनले. ७ फेब्रुवारी २००७ रोजी अधिसूचित झालेल्या 'दिल्ली मास्टर प्लॅन २०२१' मध्ये संमिश्र वापराचे स्वतंत्र प्रकरण आले. बालवाडी, माँटेसरी व पाळणाघर यांसह पूर्वप्राथमिक शाळांना 'इतर उपक्रम' या सदरात शुश्रूषागृहे, अतिथिगृहे इत्यादींबरोबर स्थान मिळाले. त्यासाठी वसाहतीच्या वर्गानुसार समोरच्या रस्त्याच्या किमान रुंदीची अट घालण्यात आली.

या व्यवस्थेतील एक बारकावा ध्यानात घ्यावयास हवा. सवलत पूर्वप्राथमिक शाळेस आहे, प्राथमिक शाळेस नाही. प्राथमिक व माध्यमिक शाळांसाठी आराखड्यात स्वतंत्र भूखंड अपेक्षित असतात. त्यामुळे बालवाडीने पहिलीचा वर्ग जोडला की ती केवळ आकाराने वाढत नाही, तिची जातकुळीच बदलते. संस्थाचालकांच्या दृष्टीने तो सहज पुढचा टप्पा असतो. कायद्याच्या दृष्टीने तो नवा वापर ठरतो. विस्ताराच्या अनेक वादांचे मूळ या दृष्टिभेदात आहे.

५. आक्षेपांची पारख

शेजाऱ्यांच्या आक्षेपांचे तीन गट करता येतील. पहिला गट सुरक्षिततेचा. तो निर्विवाद होय. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम् येथे एका खाजगी शाळेत स्वयंपाकघरातून उठलेली आग गवती छपरास लागली आणि ९४ बालके मृत्युमुखी पडली. या घटनेनंतर दाखल झालेल्या अविनाश मेहरोत्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निर्णय दिला. सुरक्षित शाळेत शिकणे हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे, असे त्यात मानले गेले. राष्ट्रीय इमारत संहितेतील सुरक्षा-निकषांची पूर्तता झाल्याविना मान्यता देऊ नये, असा आदेशही देण्यात आला. घरासाठी बांधलेला जिना चार-पाच माणसांच्या कुटुंबासाठी असतो. दोनशे मुलांना एकाच वेळी उतरविण्यासाठी नसतो. ज्या गल्लीत बंब वळत नाही तेथे मजला चढवू नये, असे शेजारी म्हणतो तेव्हा तो अंतिमतः शाळेतील मुलांचीच बाजू मांडीत असतो.

दुसरा गट गैरसोयीचा. वाहतूक, आवाज, पाणी, कचरा हे विषय खरे असले तरी त्यांवर उपाय असतात. वर्गांच्या वेळा पाऊण तासाच्या अंतराने ठेवणे, गाड्या मुख्य रस्त्यावरच थांबवून मुलांना चालत आणणे, ध्वनिक्षेपक टाळणे, जमिनीखालच्या टाकीची सोय करणे, अशा अटी परवानगीस जोडता येतात. आवाजाबाबत तर एक विसंगतीही दिसते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शाळेभोवतालच्या किमान १०० मीटरच्या परिसरास शांतता क्षेत्राचे संरक्षण देऊ केले. २०१७ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी शासनाची स्वतंत्र अधिसूचना लागते. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. शेजाऱ्यांकडून शांततेची अपेक्षा करणाऱ्या शाळेने ती स्वतःही पाळावी, हे ओघानेच येते.

तिसरा गट मात्र उघडपणे बोलला जात नाही. 'वस्तीचा दर्जा', 'बाहेरची वर्दळ' अशा मोघम शब्दांत तो व्यक्त होतो. बालशिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२ नुसार विनाअनुदानित शाळेने प्रवेशाच्या वर्गातील किमान २५ टक्के जागा परिसरातील दुर्बल व वंचित घटकांच्या मुलांना द्यावयाच्या असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही तरतूद वैध ठरविली. अल्पसंख्याक संस्थांना तीतून वगळले. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत शासकीय वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळेस या बंधनातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती रद्दबातल केली. म्हणजे शाळेचा विस्तार झाला की जवळच्या झोपडवस्तीतील मुलेही त्याच गल्लीतून येणार. त्यांच्या येण्यास असलेला विरोध वाहतुकीच्या तक्रारीचा वेष घेतो तेव्हा तो ओळखणे हे निर्णयकर्त्याचे कर्तव्य होय. १८४८ मध्ये पुण्यातील भिडे वाड्यात जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली तेव्हा भोवतालच्या समाजाने केलेला विरोध आपणांस ठाऊक आहे. शेजाऱ्यांची नापसंती हा स्वतः पुरावा नव्हे, हे त्या इतिहासावरून शिकावयाचे.

ही पारख करण्याची एक साधी कसोटी सुचविता येईल. आक्षेप मोजता येतो काय आणि एखादी अट घातल्याने तो दूर होतो काय? रस्त्याची रुंदी, जिन्याची रुंदी, वाहनांची संख्या मोजता येते. जो आक्षेप मोजताही येत नाही आणि कोणत्याही अटीने शमतही नाही, त्याचे मूळ अन्यत्र शोधावे लागते.

६. भाषिक अल्पसंख्याकांच्या शाळा

बृहन्महाराष्ट्रातील वाचकांना या प्रश्नाचे आणखी एक अंग जवळचे वाटेल. हैदराबादेत १९०७ साली सुरू झालेल्या विवेकवर्धिनीसारख्या संस्थांनी परप्रांतात मराठी शिक्षणाची परंपरा उभी केली. संविधानाच्या अनुच्छेद ३० ने भाषिक अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क दिला आहे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ३५०-क नुसार प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी पुरविण्याचा प्रयत्न राज्यांनी करावयाचा आहे. तथापि टी. एम. ए. पै प्रतिष्ठान प्रकरणातील २००२ च्या निर्णयानुसार सर्वांना लागू असणारे सार्वजनिक हिताचे कायदे अल्पसंख्याक संस्थांनाही बंधनकारक आहेत. अनुच्छेद ३० बांधकाम नियमांतून सूट देत नाही. उलट विखुरलेल्या आणि संख्येने थोड्या अशा समाजाच्या शाळेस शेजाऱ्यांच्या सद्भावाची गरज अधिकच असते.

७. समारोप

कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये परिसर-शाळेची कल्पना मांडली, तीत शाळा आणि वस्ती यांचे नाते परस्परपूरक कल्पिलेले होते. बालशिक्षण हक्काच्या नियमांत पाचवीपर्यंत एक व आठवीपर्यंत तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी ही अपेक्षा त्याच विचारातून आली. ती पुरी करावयाची तर शाळा वस्तीपासून दूर नेऊन भागणार नाही. आराखड्यात शाळांसाठी राखलेले भूखंड प्रत्यक्षात शाळांनाच मिळाले असते, तर बंगल्यांवर मजले चढविण्याची वेळ क्वचितच आली असती, हेही नमूद केले पाहिजे.

उपलब्ध चौकटीतही एक सुधारणा शक्य आहे. शाळेच्या विस्ताराचा प्रस्ताव आल्यावर नकाशा मंजूर होण्यापूर्वी लगतच्या रहिवाशांना लेखी सूचना द्यावी, एक सुनावणी घ्यावी आणि आक्षेप स्वीकारण्याची वा नाकारण्याची कारणे आदेशात नोंदवावीत. त्या सुनावणीस ज्यांची मुले तेथे शिकणार आहेत त्या पालकांनाही, विशेषतः २५ टक्क्यांतील पालकांना, बोलाविले जावे. आज शेजारी न्यायालयात पोहोचतो तेव्हा भिंती उभ्या झालेल्या असतात आणि मुलांचे प्रवेशही झालेले असतात. त्या टप्प्यावर निर्णय कोणताही लागला तरी एका पक्षाची हानी अटळ असते, आणि बहुधा ती मुलांच्या वाट्यास येते.